पूर्वसेवा-प्रमाणपत्र

एखाद्या व्यक्तीने पूर्वी कोणत्या ठिकाणी, कोणत्या स्वरूपाचे व किती काळ काम केले, याविषयी पूर्वीच्या मालकाने दिलेली लेखी साक्ष म्हणजे पूर्वसेवा-प्रमाणपत्र होय. नव्या कामासाठी अर्ज करताना ते सादर करण्याची प्रथा आहे. या साक्षीत दोन भिन्न गोष्टी एकत्र येतात. हुद्दा, सेवेचा कालावधी व सेवासमाप्ती ही वस्तुस्थिती झाली. ती नोंदवहीवरून पडताळता येते. सेवकाचे कौशल्य, सचोटी व वर्तणूक यांविषयीचा अभिप्राय मात्र मालकाच्या मर्जीवर अवलंबून असतो. या दोन गोष्टींची फारकत कशी होत गेली आणि स्वतःच्या श्रमाचा पुरावा कामगाराच्या हाती कितपत आला, हा या प्रमाणपत्राच्या इतिहासाचा गाभा आहे. सोलापूर शहरात हातमागाचे कारखाने, कापडगिरण्या, विडी उद्योग व यंत्रमाग हे सर्व शेजारी-शेजारी वाढले. त्यामुळे या इतिहासाचे निरनिराळे टप्पे तेथे एकत्र पहावयास मिळतात.

परदेशांतील पूर्वपीठिका : यूरोपमध्ये अशी साक्ष प्रथम घरगड्यांच्या संदर्भात रूढ झाली. खोट्या शिफारसपत्रांच्या आधारे नोकरी मिळविण्याचे प्रकार वाढल्यामुळे ब्रिटिश संसदेने १७९२ मध्ये खोटी साक्ष देणे व वापरणे हा गुन्हा ठरविणारा कायदा केला. त्यात मालकाच्या हिताचे रक्षण होते. खरी साक्ष मागण्याचा हक्क सेवकाला त्यातून मिळाला नाही. फ्रान्समध्ये १८०३ मध्ये कामगार-पुस्तिका सक्तीची झाली. कामावर लागल्याची व काम सोडल्याची नोंद तीत होई. कामगाराने मालकाकडून उचल घेतली असल्यास तीही नोंदली जाई आणि ती फिटल्याखेरीज त्याला मोकळेपणाने दुसरीकडे जाता येत नसे. ही पुस्तिका १८९० मध्ये रद्द करण्यात आली. याउलट जर्मनीमध्ये १९०० साली अंमलात आलेल्या नागरी संहितेने सेवासमाप्तीच्या वेळी लेखी प्रमाणपत्र मागण्याचा हक्क सेवकाला दिला. शब्दांच्या उघड अर्थाहून वेगळे काही सुचविणारी गुप्त खूण प्रमाणपत्रात करण्यास तेथील कायद्याने बंदी घातली. एकच कागद कामगाराला जखडून ठेवण्याचे साधनही ठरू शकतो आणि त्याच्या हक्काचा आधारही, हे या दोन देशांच्या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

हातमाग कारखाने व ‘बाकी’ : भारतात कागदी प्रमाणपत्रापूर्वी कामगाराची ओळख जात, गाव व नातेवाईक यांच्या द्वारे पटविली जाई. सोलापुरात तेलुगू भाषिक पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने येऊन स्थायिक झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांपैकी अनेक जण कारखानदारांच्या हातमागांवर मजुरीने विणू लागले. कामावर येताना विणकर कारखानदाराकडून आगाऊ रक्कम घेई व तिची ‘बाकी’ त्याच्या नावे मांडली जाई. त्याला दुसऱ्या कारखान्यात जावयाचे असल्यास ही बाकी तरी फेडावी लागे, किंवा नव्या मालकाने ती अंगावर घ्यावी लागे. अशा व्यवस्थेत जुन्या मालकाची वही हीच विणकराची साक्ष होती. त्याचा हात किती कुशल आहे यापेक्षा त्याच्या नावावर किती देणे आहे, हे ती वही सांगे. फ्रान्समधील कामगार-पुस्तिकेशी या पद्धतीचे साम्य लक्षणीय आहे. ब्रिटिश अमदानीतील १८५९ च्या कायद्यान्वये उचल घेऊन काम सोडणारा कारागीर शिक्षेस पात्र ठरत असे. हा कायदा १९२५ मध्ये रद्द झाला, परंतु उचलीची प्रथा त्यानंतरही टिकून राहिली.

गिरण्या व जॉबर : सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, पुढे ती ‘जुनी मिल’ या नावाने ओळखली जाऊ लागली. शतकाच्या अखेरीस लक्ष्मी व नरसिंग गिरजी या गिरण्या आणि त्यानंतरच्या दशकात विष्णू व जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीत हजेरीपट, पगारपत्रक व तिकीट ही साधने आली. तरीही कामगाराची भरती दीर्घकाळ जॉबरच्या हाती राहिली. जॉबर हा मूळचा अनुभवी कामगार असे. साच्यांची देखरेख, नवीन माणूस लावणे, रजा देणे व कामावरून काढणे ही सर्व कामे तो पाही. स्त्री कामगारांच्या खात्यांत हीच भूमिका नायकीण पार पाडी. उमेदवार कोणाच्या गावचा, कोणाचा भाऊबंद, आधी कोणत्या साळखात्यात काम केलेला, हे जॉबरला ठाऊक असे व त्याचा शब्द हेच प्रमाणपत्र ठरे. या शब्दाचे मोल मात्र बहुधा दस्तुरीच्या रूपाने चुकवावे लागे.

जॉबरशी बिनसल्यास कामगाराची अनेक वर्षांची सेवा निरुपयोगी ठरण्याचा संभव होता. तोंडी साक्षीला नोंद नसते, त्यामुळे तिच्याविरुद्ध दादही मागता येत नाही. संपाच्या काळात ही अडचण अधिक तीव्र होई. मुंबई व सोलापूर येथील गिरण्यांत १९२० नंतरच्या काळात मोठे संप झाले. संपात पुढाकार घेतलेल्यांना पुन्हा कामावर घ्यावे, ही मागणी अशा लढ्यांच्या तडजोडींत वारंवार पुढे येत असे. भारतीय श्रमविषयक शाही आयोगाने (व्हिटली आयोग) १९३१ च्या आपल्या अहवालात जॉबरकडील भरतीचे व बडतर्फीचे अधिकार काढून घेऊन ते श्रम अधिकाऱ्याकडे सोपवावेत, अशी शिफारस केली.

जन्मावरून लावलेली साक्ष : सोलापूरच्या कामगार इतिहासाची एक दुःखद बाजू येथे नमूद करणे आवश्यक आहे. गुन्हेगार जमातींविषयीच्या कायद्यान्वये काही जमातींतील कुटुंबांना तारेच्या कुंपणातील वसाहतीत ठेवण्यात येई. अशा वसाहतींपैकी एक मोठी वसाहत सोलापुरात होती व तेथील अनेक स्त्री-पुरुष गिरण्यांत काम करीत. त्यांना हजेरी देणे भाग असे व वसाहतीबाहेर जाण्यासाठी परवाना घ्यावा लागे. गिरणीत ते इतरांप्रमाणेच सूत कातीत व साचे चालवीत. परंतु त्यांच्या कामाआधी त्यांच्या जन्माची नोंद पुढे केली जाई. कोणत्याही मालकाचे अनुकूल प्रमाणपत्र तो शिक्का पुसू शकत नसे. हा कायदा मुंबई प्रांतात १९४९ मध्ये व संपूर्ण देशात १९५२ मध्ये रद्द झाला. संशयाचा वारसा त्यानंतरही या समाजांना नोकरी मिळविताना बाधक ठरत राहिला.

बदली कामगारांचे नियमन : गिरणीतील कायम कामगार गैरहजर राहिल्यास त्याच्या जागी ‘बदली’ कामगार घेतला जाई. काम मिळेल या आशेने बदली कामगार पाळीच्या वेळी दरवाजाशी उभे राहत व त्यांतून निवड जॉबर करी. मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली नियंत्रण पद्धती सुरू केली. तीनुसार ठराविक संख्येच्या कामगारांना महिन्याच्या आरंभी बदली-कार्डे देण्यात येत व बदलीच्या जागी त्यांनाच प्राधान्य मिळे. स्वातंत्र्यानंतर १९४९–५० मध्ये अहमदाबाद, मुंबई व सोलापूर येथील कापडगिरण्यांसाठी शासनाच्या देखरेखीखाली कामगार नोंदणीची योजना आखण्यात आली. कामगाराचा पूर्वानुभव कार्यालयात नोंदवावयाचा व गिरण्यांनी आपल्या गरजेप्रमाणे या नोंदणीतून माणसे घ्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सैन्यातून परतलेल्यांसाठी सेवायोजन कार्यालये निघाली होती. त्यांमागील कल्पनाही अशीच होती. साक्ष व्यक्तीच्या जिभेवरून कार्यालयाच्या कार्डावर आली, हे या बदलाचे महत्त्व होय.

कायदेशीर हक्क : औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ याखालील नमुना स्थायी आदेशांत अशी तरतूद होती, की बडतर्फी, सेवामुक्ती अथवा निवृत्तीच्या वेळी प्रत्येक कायम कामगार सेवा-प्रमाणपत्र मिळण्यास हक्कदार राहील. बडतर्फ कामगारालाही हा हक्क होता, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. मालकाचा रोष असला, तरी झालेले काम नाकारता येत नाही, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या अधिनियमाखालील केंद्रीय नियमांनी (१९७१) सेवासमाप्तीनंतर विहित नमुन्यात प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली.

सेवाकालाची नोंद केवळ पुढील नोकरीपुरती उपयुक्त राहिली नाही. औद्योगिक विवाद अधिनियमात १९५३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कामगार कपातीच्या वेळी भरपाई, सर्वांत नंतर आलेल्यास प्रथम कमी करण्याचा क्रम आणि पुनर्भरतीत कपात झालेल्यांना प्राधान्य ही तत्त्वे आणली. भविष्य निर्वाह निधी (१९५२), उपदान (१९७२) व निवृत्तिवेतन योजना (१९९५) यांचे लाभही सेवेच्या वर्षांशी निगडित झाले. उपदानासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा व निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा आवश्यक ठरली. परिणामी नोंदीतील एखाद्या वर्षाची चूक ही कामगाराच्या उत्तरायुष्याचा प्रश्न बनली.

मालकच न राहिल्यास : प्रमाणपत्र देणारी संस्थाच बंद पडली तर साक्ष कोणी द्यावी, हा प्रश्न सोलापुरात लवकर उपस्थित झाला. जुनी मिल कंपनीच्या व्यवस्थापनाने ऑगस्ट १९४९ मध्ये बंद केली व हजारो कामगार बेकार झाले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र शासनाने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार स्वतः नेमलेल्या संचालकांकडे सोपविला व पुढे त्याचे अधिनियमात रूपांतर केले. त्यावरून उद्भवलेल्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयाने १९५० व १९५३ मध्ये दिलेले निर्णय भारतीय संविधानाच्या अभ्यासात प्रसिद्ध आहेत. १९५३ च्या निर्णयाने भरपाईवाचून झालेला हा ताबा संविधानाशी विसंगत ठरला. या वादाचा मुख्य विषय भागधारकांचा संपत्तीचा हक्क हा होता. साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराच्या दृष्टीने मात्र कारभारी बदलले, साचा तोच राहिला. त्याची सेवा अखंड मानली जाण्यासाठी गिरणीचे हजेरीपट सुरक्षित राहणे हाच मुख्य आधार होता.

पुढील दशकांत शहरातील गिरणी उद्योगास उतरती कळा लागली. नरसिंग गिरजी गिरणी महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली, तरी तीही अखेर बंद पडली. लक्ष्मी व विष्णू या गिरण्याही चालू राहिल्या नाहीत. गिरणी बंद झाल्यावर कामगार अनुभवाचा दाखला घेऊन दुसऱ्या गिरणीकडे जाईल, तर तीही बंद होण्याच्या मार्गावर असे. यंत्रमागावर त्याच्या कौशल्याला मागणी होती. कागदाला फारशी नव्हती. अशा वेळी जुने तिकीट, पगाराची चिठ्ठी व निधीचा खातेक्रमांक हीच त्याच्या सेवेची साक्ष उरली.

विडी व यंत्रमाग कामगार : सोलापुरातील विडी उद्योगात प्रामुख्याने स्त्रिया काम करतात. पाने व तंबाखू घरी नेऊन विड्या वळावयाच्या व त्या कारखान्यात मोजून द्यावयाच्या, अशी पद्धत असल्यामुळे त्यांना कामगार मानावे की नाही, हाच मूळ वाद होता. विडी व सिगार कामगार अधिनियम, १९६६ याने घरी काम करणाऱ्यांचाही कामगारांत समावेश केला व सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये हा अधिनियम वैध ठरविला. भविष्य निर्वाह निधीची योजना घरी काम करणाऱ्यांनाही लागू होते, असा निर्णय त्याच न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. विडी कामगार कल्याण निधी (१९७६) याखाली मिळणारे ओळखपत्र आरोग्य, शिक्षण व गृहनिर्माण योजनांसाठी आवश्यक झाले. ज्या स्त्रीचे नाव कारखान्याच्या वहीत नाही, तिने आयुष्यभर विड्या वळल्या असल्या, तरी तिला ते सिद्ध करणे कठीण जाते. लहान यंत्रमाग कारखान्यांतील अनेक कामगारांची स्थिती याहून फार वेगळी नाही. तेथे भरती अजूनही बहुतांशी ओळखीने होते व उचलीची रक्कम हाच मालक-कामगार संबंधाचा दुवा राहतो.

अभिप्राय व दायित्व : प्रमाणपत्रातील मताविषयी भारतीय कायद्याची भूमिका मुख्यतः बदनामीच्या तरतुदींतून व्यक्त होते. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ प्रमाणे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्‌भावनेने केलेले विधान बदनामी ठरत नसे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये हेच तत्त्व कायम आहे. म्हणजे विचारणा झाल्यास प्रतिकूल मत प्रामाणिकपणे कळविण्यास मालक मोकळा आहे; आकसाने खोटे सांगण्यास नाही. ब्रिटनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९९४ मध्ये साक्ष लिहिताना वाजवी काळजी घेण्याचे दायित्वही मालकावर असल्याचा निर्णय दिला. अशा दायित्वाच्या भीतीने अनेक संस्था अभिप्राय टाळून फक्त हुद्दा व तारखा देऊ लागल्या. त्यामुळे आकसाला आळा बसतो. परंतु उत्तम काम करणाऱ्याच्या गुणांची नोंदही कमी होते.

२०१४ मध्ये भविष्य निर्वाह निधीसाठी सार्वत्रिक खाते क्रमांक सुरू झाला. मालक बदलला, तरी हा क्रमांक बदलत नाही; सेवेची साखळी कामगाराच्या नावाला जोडलेली राहते. हातमाग कारखानदाराच्या ‘बाकी’पासून या क्रमांकापर्यंतचा प्रवास हा साक्षीची मालकी मालकाकडून कामगाराकडे सरकण्याचा प्रवास आहे. तो अपुरा आहे, कारण ज्याचे नाव मुळात कोणत्याही वहीत चढत नाही, त्याच्यापर्यंत हा क्रमांक पोहोचत नाही. सोलापूरसारख्या श्रमिकांच्या शहरात अशांची संख्या लहान नाही. त्यांच्या बाबतीत पूर्वसेवेची साक्ष आजही शेजाऱ्याच्या व मुकादमाच्या शब्दावरच अवलंबून आहे.