कॉल साइनमधली तिरकी रेघ

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाच्या, परीक्षेच्या केंद्रांत नागपूरचं नाव जुनं आहे. इथे परवाना मिळवलेल्या हौशाची, म्हणजे 'हॅम'ची, कॉल साइन (हवेतलं ओळखनाव) 'व्हीयू'ने सुरू होते. पण तोच हॅम न्यू जर्सीत मुलाकडे गेला आणि माइक हातात घेतला, की कॉल साइनच्या आधी 'डब्ल्यू2' आणि एक तिरकी रेघ लावायची. शिवाय प्रत्येक संभाषणात एकदा तरी आपण कुठल्या शहरातून, कुठल्या राज्यातून बोलतोय ते सांगायचं. बस्स! अर्ज नाही, फी नाही.

पाहुण्याला ही मोकळीक सुखासुखी मिळालेली नाही. वायरलेस सेट बाळगणाऱ्याकडे सरकारं संशयानेच बघत आली. दुसरं महायुद्ध पेटताच, 1939 मध्ये, भारतातल्या हॅमचे परवाने रद्द झाले. अमेरिकेत तर 1934 च्या कायद्याने परवान्याला नागरिकत्वाची अट होती.

ही अट सैल केली ती एका हॅमनेच. बॅरी गोल्डवॉटर, कॉल साइन के7यूजीए, सिनेटचे सदस्य. त्यांनी रेटलेल्या विधेयकाचा 28 मे 1964 रोजी कायदा झाला. गंमत म्हणजे तेव्हा अध्यक्ष होते लिंडन जॉन्सन, आणि त्याच वर्षाच्या निवडणुकीत त्यांच्यासमोर उभे होते गोल्डवॉटरच! तुमच्या देशाने आमच्या हॅमना मुभा द्यावी, आम्ही तुमच्या हॅमना देऊ, असा हा व्यवहार. भारताशीही तसा करार झाला. सुरुवातीला परवानगीसाठी कागद भरावा लागे. पुढे तोही गेला.

युरोपने वेगळी वाट धरली. दोघादोघांत करार करत बसण्यापेक्षा 1985 मध्ये 'टी/आर 61-01' ही एकच शिफारस सर्वांसाठी केली: सहभागी देशाचा परवाना खिशात असला, की तीन महिन्यांपर्यंत वेगळी परवानगी नको. 1992 पासून युरोपबाहेरच्या देशांनाही दार उघडलं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आत गेले.

भारत मात्र या यादीत नाही. इथली घडी अशी, की अंदमानातून प्रक्षेपण करायला भारतीय हॅमलाही खास परवानगी लागते. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद या हॅम ती मिळवून तिथे गेल्या होत्या. त्याच महिन्यातल्या त्सुनामीत त्यांच्याच चमूने संदेशवहन सांभाळलं.

तेव्हा अमेरिकेला निघालेल्या नागपूरकराने भारतीय परवाना सोबत ठेवावा. तिथलं नागरिकत्व घेतलेल्याला मात्र ही सवलत नाही, त्याने तिथलीच परीक्षा द्यावी. आणि पॅरिस किंवा बर्लिनचा बेत असेल, तर त्या देशाच्या दूरसंचार खात्याला निघण्याआधीच लिहावं.