शाळा मोफत आहे, मग मूल सिग्नलवर का?

सिग्नलला गाडी थांबली की गजरे किंवा पेन विकणारी मुलं काचेजवळ येतात. 'शाळेत का जात नाहीस?' असं आपण सहज विचारतो. महापालिकेची शाळा तर मोफत आहे. मग अडतं कुठे? आणि सामाजिक संस्था यात नेमकं काय करतात?

अडचण काय असते?
रस्त्यावरची सगळी मुलं अनाथ नसतात. काही एकटी राहतात, काही दिवसभर काम करून रात्री घरी जातात, तर काहींचं अख्खं कुटुंबच फुटपाथवर असतं. रोजची कमाई, धाकट्या भावंडांना सांभाळणं आणि सतत बदलणारा मुक्काम यात शाळा राहून जाते. दहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळखही नसेल, तर पहिलीत बसायची लाज वाटते आणि पाचवीतलं काही कळत नाही.

शाळाच मुलांपर्यंत जाते
म्हणून संस्था आधी मुलांच्या जागी जातात. १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेली 'डोअर स्टेप स्कूल' ही संस्था बसमध्ये वर्ग भरवते. ठाण्यात 'समर्थ भारत व्यासपीठ' या संस्थेने महापालिकेच्या मदतीने २०१६ मध्ये तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली 'सिग्नल शाळा' सुरू केली. पुलाखाली राहणाऱ्या मुलांसाठी तिथेच वर्ग उभे राहिले.

पुढचं काम जास्त चिकाटीचं असतं. पालकांची समजूत काढायची, भाषा आणि गणिताचा पाया पक्का करायचा, नेहमीच्या शाळेत नाव घालायचं आणि मूल रोज जातंय ना, यावर लक्ष ठेवायचं.

कायदा काय सांगतो?
२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयोगटासाठी त्यात स्पष्ट तरतुदी आहेत:
• जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.
• उशिरा आलेल्या मुलालाही वयानुसार वर्ग मिळतो. मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळतं.
• शाळा बदलताना दाखला यायला उशीर झाला, तरी प्रवेश अडवता येत नाही.
अनेक पालकांना हे माहीतच नसतं. अशा वेळी संस्थेचा कार्यकर्ता सोबत गेला की काम सोपं होतं.

तुम्ही काय करू शकता?
एखादं मूल एकटं, जखमी किंवा संकटात दिसलं तर १०९८ वर फोन करा. ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते. मुलाचा फोटो मात्र सोशल मीडियावर टाकू नका. त्याने मुलाची ओळख उघड होते.

देणगी देताना संस्थेला एक प्रश्न नक्की विचारा: गेल्या वर्षी शाळेत घातलेल्या मुलांपैकी आज किती जण शाळेत आहेत? पटावर नाव चढणं ही सुरुवात असते. मूल वर्गात टिकलं, तरच ते शिकतं.