एका वस्तूत दडलेले दुसरे शस्त्र

जपानच्या ताकारा कंपनीच्या साच्यांवर आधारलेली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही खेळणी अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९८४ मध्ये बाजारात आणली. १९८५ मधील ब्लिट्झविंग यंत्रमानव, विमान आणि रणगाडा अशी तीन रूपे घेत असे. मात्र, एकाच वस्तूत लढाईचे जादा रूप बसविण्याची कल्पना आपल्याकडील शस्त्रकारांना पूर्वीच अवगत होती.

गुप्ती दिसावयास साधी काठी. मूठ ओढताच आतून पाते बाहेर येते. बिचव्याच्या मुठीला वाघनखे जोडल्याचीही उदाहरणे आढळतात. मग एकाच मुठीने भोसकताही येते आणि ओरबाडताही. माडूत काळविटाच्या शिंगांना लहान ढाल जोडलेली असल्याने बचावाचा हातच वार करतो. खेळण्यातील रूपांतर मुलाने मित्रांना कौतुकाने दाखवावे यासाठी असते; गुप्तीचे मात्र शत्रूस अखेरपर्यंत कळू नये यासाठी. (बिचव्याविषयीही हेच म्हणता येईल.)

स्वारगेटपासून जवळच, शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या शस्त्रांचा संग्रह आहे. अशा कोणत्याही संग्रहात गुप्ती मिटवून मांडली तर ती काठी ठरते, उघडून मांडली तर तलवार. प्रस्तुत लेखकाच्या मते तिची नोंद दोन्ही अवस्थांच्या छायाचित्रांसह व्हावयास हवी.