माहीम ते पालघर : कचेरीच्या मागोमाग एक पायी फेरी

साहेबाच्या काळातल्या इमारती पायी फिरून बघायच्या म्हटलं, की आपल्या तोंडी पटकन नाव येतं ते माथेरानचं, नाहीतर महाबळेश्वरचं. १८५० मध्ये माथेरानच्या डोंगरावर चढलेला ह्यू मॅलेट हा ठाण्याचा कलेक्टर होता, हे आपल्याला ठाऊक असतं. पण साहेब उन्हाळ्यात डोंगरावर जायचा, हवा खायचा, हे झालं. त्याचा कारभार कुठून चालायचा? तो चालायचा खाली, तालुक्याच्या गावातून. म्हणून आज आपण डोंगर सोडून त्याच ठाणे जिल्ह्यातल्या एका जुन्या तालुक्याच्या गावी जाणार आहोत. गावाचं नाव माहीम. मुंबईतलं नव्हे. पालघरजवळचं, केळव्याला लागून असलेलं माहीम. दोन माहीमांचा घोटाळा होऊ नये म्हणूनच तर 'केळवे-माहीम' असं जोडनाव पडलं.

आपला रस्ता असा आहे : केळव्याचा किनारा, तिथून माहीमचा कोट, आणि मग पूर्वेला आठ-नऊ किलोमीटरवर पालघर. आम्ही ही फेरी करतो तेव्हा सोबतच्यांना एकच प्रश्न धरून चालायला सांगतो. समोरच्या इमारतीचं लक्ष कुठे आहे? ती कुणावर नजर ठेवायला बांधली? कमान कुठल्या शैलीतली, चुना कसला, हे नंतर बघू.

सुरुवात केळव्याच्या खाडीपासून. खाडीच्या मुखाशी जो लहानसा कोट दिसतो, तो पाणकोट. भरतीला त्याच्या चहूबाजूंनी पाणी असतं, ओहोटीला चिखल-वाळू तुडवत चालत जाता येतं. जायचं असेल तर गावात वेळ विचारूनच जावं, कारण पाणी चढायला लागलं की ते तुमच्यासाठी थांबत नाही. किनाऱ्यावर सुरूच्या बनात दुसरा कोट आहे, तो भुईकोट. तो वाळूत इतका गाडला गेला होता, की शेजारून जाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नसे. दुर्गप्रेमी मुलांनी श्रमदान करून वाळू उपसली, तेव्हा त्याचे बुरूज मोकळे झाले.

आता बघा, एवढ्याशा टापूत इतके कोट कशाला? केळवे झालं, माहीम झालं, उत्तरेला शिरगाव, पुढे तारापूर. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतलं. वसई आणि दमण ही दोन मोठी ठाणी, आणि त्यांच्या मधला हा सगळा किनारा. पोर्तुगिजांची सत्ता मुख्यतः पाण्यावरची. कुठलं गलबत कुठे जातं, त्याच्याजवळ त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, आहे की नाही, ही त्यांची काळजी. खाडीच्या तोंडाशी लहान कोट असला म्हणजे आत येणारं-जाणारं गलबत नजरेत राहतं आणि आसपासच्या गावांवरही वचक राहतो. म्हणजे आपल्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळालं. या इमारतींचं लक्ष पाण्याकडे आहे.

केळव्याहून माहीमला जाताना दोन्ही हातांना वाड्या लागतात. नारळ, सुपारी, केळी आणि इथली प्रसिद्ध पानवेल. माहीमचा कोट मात्र केळव्यासारखा एकटा उभा नाही. तो गावात आहे, वस्तीने वेढलेला. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याच्याजवळून पुढे निघून गेलो होतो. लोक रोज ज्या भिंतीशेजारून बाजाराला जातात, ती भिंत ऐतिहासिक आहे हे कुणी वेगळं सांगत नाही.

१७३७ मध्ये मराठ्यांची वसईची मोहीम सुरू झाली. १७३९ च्या सुरुवातीला चिमाजीअप्पांच्या फौजांनी हा किनारा एकामागून एक घेतला. माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात वसई पडली. आपण वसईच्या विजयाबद्दल पुष्कळ बोलतो, पण वसईचा श्वास कोंडला तो आधी या छोट्या कोटांवर. उत्तरेचा किनारा हातचा गेल्यावर दमणकडून वसईला मदत पोचणं अवघड झालं. छोट्या ठाण्यांचं मोल असं असतं.

पुढे १८१७ च्या पुणे कराराने उत्तर कोकण कंपनी सरकारकडे गेलं. आता इंग्रजांना गलबतांपेक्षा सारा महत्त्वाचा होता. जमिनीची मोजणी, शेतसारा, फौजदारी, खजिना. त्यासाठी कोट नको होता, कचेरी हवी होती. ती त्यांनी माहीमला ठेवली. वाहतूक बरीचशी खाडीतूनच होत होती, आणि गावही नांदतं होतं. १८८२ साली छापलेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर उघडून बघा. त्यात 'पालघर तालुका' सापडत नाही. तालुक्याचं नाव आहे माहीम.

मग हे बदललं कसं? उत्तर रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. १८६४ मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा रूळ सुरतेकडून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत आला. हा रूळ किनाऱ्याने गेला नाही, काही मैल आतून गेला. स्टेशनांची नावं म्हणून बघा : वसई रोड, केळवे रोड, डहाणू रोड. हा 'रोड' काय सांगतो? की गाव इथे नाही, इथून गावाला जायचा रस्ता फुटतो. जुनी गावं समुद्राकडे तोंड करून बसलेली, आणि रेल्वे त्यांच्या पाठीमागून गेली. पालघर या नावाला मात्र 'रोड' लागला नाही. कारण तिथे स्टेशनाभोवतीच गाव वाढलं. बाजार आला, वखारी आल्या, आणि पुढे कचेरीही आली. माहीमची पानं टोपल्यांत भरून स्टेशनावर जायला लागली, आणि त्यांच्या मागोमाग तालुक्याचं नावही गेलं.

आता आपणही पालघरला येऊ. इथे प्रश्न थोडा उलटा करायचा. कोट पाण्याकडे बघत होता. कचेरी लोकांकडे बघते. सारा भरायला, नक्कल काढायला, तक्रार घालायला लोकांनी तिच्याकडे यायचं, अशी तिची रचना. पण लोक एकदा वेगळ्याच कामासाठी आले.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गोवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढाऱ्यांना अटक झाली. पुढारी तुरुंगात, तरी १४ ऑगस्टला किनाऱ्यावरच्या आणि आसपासच्या गावांतून माणसं चालत पालघरच्या कचेरीवर निघाली. तिरंगा घेऊन. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. काशिनाथ हरी पागधरे सातपाटीचे. रामचंद्र महादेव चुरी मुरब्याचे. गोविंद गणेश ठाकूर नांदगावचे. सुकुर गोविंद मोरे सालवडचे. आणि रामचंद्र भीमाशंकर तिवारी पालघरचे.

ही गावं नकाशावर शोधा. सातपाटी आणि मुरबे खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. नांदगाव त्याच्याही वर किनाऱ्याला. म्हणजे काही शतकांपूर्वी ज्या किनाऱ्यावर ताबा ठेवण्यासाठी परक्यांनी कोट बांधले, त्याच किनाऱ्याची माणसं आत चालत आली ती परक्यांच्या कचेरीसमोर उभं राहायला. त्या पाच जणांचं स्मारक म्हणजे पालघरची पाचबत्ती. आपली फेरी तिथे थांबते. दरवर्षी १४ ऑगस्टला तिथे लोक जमतात. आमचं सांगणं एवढंच, की एरवी कधी गेलात तरी तिथे गाडीतून हात जोडून पुढे जाऊ नका. उतरा, आणि पाचही नावं मोठ्याने वाचा.

गोष्ट अजून संपलेली नाही बरं का. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर स्वतः जिल्हा झालं, महाराष्ट्राचा छत्तिसावा. सिडकोने कोळगावला जिल्हा मुख्यालयाच्या नव्या इमारती बांधल्या, २०२१ मध्ये त्यांचं उद्घाटन झालं. म्हणजे कचेरी पुन्हा हलली. आधी खाडीकाठी, मग स्टेशनाजवळ, आता पालघर-बोईसर रस्त्याकडे. जी वाट चालती, तिच्या कडेला सत्ता जाऊन बसते. आणि दर वेळी मागे एक रिकामी वास्तू राहते, जिची कुणाला फारशी गरज उरत नाही.

माहीमची मंडळी कधीकधी म्हणतात, "आमचं गाव मागे पडलं." आम्हाला ते पुरतं पटत नाही. कचेरी गेली म्हणून वाडी गेली नाही, पानवेल गेली नाही. पण एक गोष्ट खरोखर जायच्या बेतात आहे, ती म्हणजे आठवण. जुनी कचेरी नेमकी कुठे भरायची, तिथे कोण कामाला होतं, बैलगाड्या कुठे सुटायच्या, हे सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत. दगडांची डागडुजी पुरातत्त्व खातं करेल किंवा न करेल. हे काम मात्र घरातल्या घरात होण्यासारखं आहे.

म्हणून या भागातल्या श्रोत्यांना एक विनंती. घरातली जुनी पेटी काढा. आजोबा-पणजोबांची खरेदीखतं, साऱ्याच्या पावत्या असतील त्या उलगडा. 'तालुके माहीम, जिल्हे ठाणे' अशी ओळ दिसली, तर त्या कागदाचा नीट फोटो काढून ठेवा, आणि घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून विचारा, तेव्हा काय होतं. त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढच्या वेळी फेरीला आलात, की ते कागद सोबत आणा. आपण कोटाच्या भिंतीजवळ उभं राहून वाचू.