नाणेघाट आणि अणुकचरा

आमच्या अवसरी बुद्रुकाहून जुन्नरावरून नाणेघाटास जाणारास वाटेंत जो काळा कातळ दिसतो, त्याचें वय सुमारें साडेसहा कोटी वर्षें आहे. घाटमाथ्यावरील लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिच्या नांवें यज्ञांची व दानांची मोठी यादी कोरलेली आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापणें, सर्व आंकड्यांनिशीं. तिला दोन हजार वर्षें झालीं. राजकुटुंबाच्या मूर्ती केव्हांच भग्न झाल्या, त्यांवरील नांवें राहिलीं. परंतु तीं वाचणारा मनुष्य मधल्या कित्येक शतकांत उरला नव्हता. १८३७ सालीं प्रिन्सेपनें ब्राह्मी लिपि उलगडली, तेव्हां कोठें हा कातळ पुन्हां बोलूं लागला.

अणुकचऱ्याच्या धोक्याचा हिशेब करणारास या लेण्याची आठवण ठेवावी लागेल. त्या कचऱ्यांतील प्लुटोनियमचें तेज निम्म्यावर येण्यास चोवीस हजार वर्षें लागतात. म्हणजे नाणेघाटाच्या लेखाच्या वयाच्या बारा पट.

आपल्याकडे हा प्रश्न तारापूरचा आहे. तेथें १९६९ सालीं अणुवीज सुरू झाली, आणि १९८५ सालीं तीव्र द्रव कचरा कांचेंत गोठविणारा देशांतील पहिला कारखाना तेथेंच निघाला. ही कांच पोलादी डब्यांत भरून, हवेच्या नैसर्गिक प्रवाहानें ते डबे निवत राहतील अशा कोठारांत ठेवितात. ही सोय कांहीं दशकांची. कायमच्या दफनाकरितां कोलारच्या सोन्याच्या खाणींत १००० मीटर खोलीवर प्रयोग झाले. तसें दफनस्थान मात्र देशांत अद्यापि नाहीं.

कांच कशासाठीं, तें उरल पर्वतापाशीं घडलेल्या गोष्टीवरून कळतें. हा कचरा स्वतःच तापत असतो. २९ सप्टेंबर १९५७ रोजीं मायाक येथील एका टाकीची थंड ठेवण्याची व्यवस्था बिघडली, पाणी आटलें, उरलेले क्षार तापले आणि स्फोट झाला. टाकीवरील १६० टनांचें झांकण उडालें. सुमारें दहा हजार लोकांस पुढें घरेंदारें सोडावीं लागलीं. ज्या गांवीं हें घडलें तें नकाशावरच नव्हतें, म्हणून दुर्घटनेस शेजारच्या किश्तिमचें नांव मिळालें! झोरेस मेदवेदेव यानें १९७६ सालीं ती गोष्ट छापली, तेव्हां पश्चिमेकडील अधिकारी पुरुषांनींही तिची टर उडविली. सोविएत सरकारनें ती कबूल केली १९८९ सालीं.

याच सुमारास धोका मोजण्याचें शास्त्र घडत होतें. एकामागून एक बिघाड कल्पावयाचे, प्रत्येकाची संभाव्यता ठरवावयाची आणि गुणीत जावयाचें, ही पद्धति १९७५ च्या रासमुसेन अहवालानें अणुभट्ट्यांच्या बाबतींत रूढ केली. पद्धति उत्तम आहे. गणितावर माझा रोष नाहीं. परंतु जो बिघाड कोणी कल्पिलाच नाहीं, किंवा जो घडूनही लपविला गेला, तो त्या गुणाकारांत येणार कसा? दख्खनचा कातळ अचल आहे ही समजूतही १९६७ सालीं कोयनेच्या भूकंपानें मोडली.

अमेरिकेंत न्यू मेक्सिकोंतील मिठाच्या थरांत, ६५५ मीटर खोल, १९९९ सालीं एक दफनस्थान उघडलें. तेथील हिशेबाचा कालावधि दहा हजार वर्षांचा होता. पंधराव्या वर्षीं, १४ फेब्रुवारी २०१४ रोजीं, एक पिंप फुटलें. कारण ऐकून हंसावें कीं रडावें कळत नाहीं. ओल शोषून घेण्यास मातीची पूड घालावयाची, ती न घालतां धान्यापासून केलेली, मांजरांच्या पेटीस वापरतात ती पूड घातली गेली, आणि तिचा नायट्रेट क्षारांशीं संयोग होऊन पिंप तापलें. बाहेर पडलेलें तेज अल्प होतें, तरी स्थान सुमारें तीन वर्षें बंद राहिलें.

याच स्थानासाठीं पंडितांनीं १९९३ सालीं विचार केला होता कीं, हजारों वर्षांनंतर तेथें खणूं पाहणारास धोका कळवावा कसा. अनेक भाषांतील लेख, भेसूर चेहरे, दगडी कांटे असे उपाय त्यांनीं सुचविले. नाणेघाटांत लेण्यानजीक एक दगडी रांजण आहे. तो जकातीचीं नाणीं टाकण्याचा, असें मला प्रथम कळलें तें कोणत्याही शिलालेखावरून नव्हे. बरोबर आलेल्या वाटाड्यानें सांगितलें, आणि त्यास त्याच्या आज्यानें.