संततिनियमन शोधायचंय? मग अश्लीलतेची फाइल उघडा

समजा, तुम्हाला विषय मिळाला: ‘वसाहतकाळातल्या मुंबईतलं संततिनियमन’. सुरुवात कुठून कराल? बहुतेक जण आधी कायदा शोधतात. सरकारने गर्भनिरोधक साधनांवर बंदी कधी घातली, हे बघायला जातात आणि तिथेच अडकतात. कारण भारतीय दंड संहितेत गर्भपाताचं कलम होतं (३१२), पण गर्भनिरोधाचं नाव घेऊन त्याला गुन्हा ठरवणारं कलम नव्हतं. अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्यात तसा स्पष्ट उल्लेख होता. आपल्याकडे नव्हता.

मग इथे मोकळीक होती, असं लिहून मोकळं व्हायचं का? थांबा. आधी र. धों. कर्व्यांचं काय झालं ते बघा.

कर्वे विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. मारी स्टोप्स यांचं लंडनमधलं क्लिनिकही त्याच वर्षीचं. १९२३ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं. १९२५ मध्ये नोकरी गेली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. या काळात त्यांच्यावर खटले झाले ते अश्लीलतेचे. १९३१ च्या खटल्यात १०० रुपये दंड झाला. १९३४ चा खटला तर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला आणि ते हरले. दंड २०० रुपये.

आता मुद्दा लक्षात येतोय ना? साधनं बाळगणं गुन्हा नव्हता, पण शरीराबद्दल सोप्या मराठीत छापणं धोक्याचं होतं. आणि माहितीच पोचली नाही, तर बंदी नसून उपयोग काय? इंग्लंडमध्येही हेच दिसतं. १८७७ मध्ये ॲनी बेझंट आणि चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यावर गर्भनिरोधाची पुस्तिका छापल्याबद्दल खटला झाला, तोही अश्लीलतेचाच. म्हणून ‘बंदी नव्हती’ आणि ‘मोकळीक होती’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यावरून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची. कर्वे म्हणतात ‘संततिनियमन’. १९५२ नंतर सरकारी कार्यक्रम आला आणि ‘कुटुंबनियोजन’ हा शब्द रुळला. ग्रंथालयाच्या सूचीत फक्त ‘कुटुंबनियोजन’ शोधलंत, तर कर्वे हाती लागणार नाहीत. पण हा फक्त शोधशब्दांचा प्रश्न नाही. शब्द बदलला की मूल नको असं म्हणणारी व्यक्ती मागे सरकते आणि कुटुंब, लोकसंख्या, देश पुढे येतात.

विरोधकही एका साच्यातले नव्हते. गांधीजींना कमी मुलं नको होती असं नाही. त्यांचा आक्षेप कृत्रिम साधनांना होता, आणि त्यांचा उपाय होता ब्रह्मचर्य. मार्गारेट सँगर त्यांना भेटल्या तेव्हाही वाद साध्याचा नव्हता, साधनांचा होता. दुसरीकडे, १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या बाजूने ठराव मांडला. बाळंतपणाच्या यातना बाईला सोसाव्या लागतात, हा मुद्दा त्या भाषणात होता. ठराव फेटाळला गेला. पण विधानसभेतल्या चर्चांचे खंड हे तुमचं आणखी एक साधन झालं.

आणि ज्यांच्या पोटात नको असलेला गर्भ होता, त्या बायका कुठे आहेत? जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते विधवांवर हीच वेळ येत होती म्हणून. पुरुषाला कुणी विचारत नव्हतं, आणि बाईपुढे बाळाचा जीव घेणं, स्वतःचा देणं किंवा बदनामी एवढेच रस्ते उरत. त्या बायकांनी स्वतः लिहिलेलं फारच थोडं हाती लागतं. त्यांच्याबद्दल बोलतात ते पोलिस, न्यायालयं, सुधारक आणि संपादक. मासिकात छापलेलं पत्रसुद्धा संपादकाने निवडलेलं असतं, हे विसरू नका. कर्वे कितीही जवळचे वाटले, तरी त्यांचा आवाज म्हणजे त्या बायकांचा आवाज नव्हे.

तेव्हा आराखडा लिहायला बसाल तेव्हा एका कागदावर तीन प्रश्न लिहा. ही गोष्ट त्या काळी कुठल्या नावाने ओळखली जात होती? ती सरकारच्या कुठल्या कप्प्यात पडली असेल? आणि हा कागद तयार करणारा माणूस कोण? उत्तरं लगेच मिळणार नाहीत. पण कुठल्या फायली मागवायच्या, हे तरी कळेल.