उपाहारगृहाचा आरोग्य परवाना (मुंबई)

मुंबईत खाणावळ, उपाहारगृह, चहाचे दुकान अथवा बाहेर भोजन पुरविणारा मुदपाकखाना काढू इच्छिणाऱ्या इसमास, आपली जागा, तेथील पाणी, भांडीकुंडी आणि नोकरमाणसे यांपासून खाणाऱ्यांच्या प्रकृतीस अपाय होणार नाही अशी सरकारदरबारी खातरजमा करून देऊन जी लेखी अनुज्ञा मिळवावी लागते, तिला सामान्यतः आरोग्य परवाना म्हणतात. प्रत्यक्षात या एका नावाखाली दोन निरनिराळ्या अनुज्ञा येतात. पहिली महानगरपालिकेच्या आरोग्य खात्याची. तिचा आधार मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 यातील कलम 394 हा होय. दुसरी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची. ती अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 अन्वये दिली जाते. दुकाने व आस्थापनांच्या कायद्याखालील नोंद, जिला बाजारात अद्यापही ‘गुमास्ता’ म्हणतात, ती या दोहोंहून वेगळी असून तिचा आरोग्याशी संबंध नाही. परंतु नवख्या धंदेवाल्याची पहिली गल्लत बहुधा येथेच होते आणि गुमास्ता हाती पडताच आपण भट्टी पेटविण्यास मोकळे झालो अशी त्याची समजूत होते.

1888 चा अधिनियम ज्या काळात झाला त्या काळी साथींचे भय शहरावर कायमचे होते. ज्या धंद्यांपासून जीवितास, आरोग्यास किंवा मालमत्तेस धोका अथवा शेजाऱ्यापाजाऱ्यांस उपद्रव संभवतो, ते परवान्यावाचून चालू नयेत हे कलम 394 चे सूत्र होय. म्हणून पालिकेची दृष्टी प्रामुख्याने जागेवर असते: धुराडे कोठवर नेले आहे, मोरीचे पाणी कोठे जाते, गॅसच्या टाक्या किती व कोठे ठेवल्या आहेत, आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला आहे किंवा नाही. डिसेंबर 2017 मध्ये लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत 14 माणसे प्राणास मुकली, तेव्हा या शेवटच्या दाखल्याचे मोल साऱ्या शहरास कळले. विभाग कार्यालयातील वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे या परवान्याचा अर्ज करावयाचा असतो.

अन्नासंबंधीच्या कायद्याचा इतिहास मात्र अधिक उद्बोधक आहे. 1954 चा अन्न भेसळ प्रतिबंधक अधिनियम मुख्यतः नमुन्यावर उभा होता. निरीक्षकाने दुकानातून जिन्नस उचलावा, तो मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे धाडावा, विश्लेषकाने अहवाल द्यावा आणि मग फौजदारी खटला चालावा, अशी त्याची रीत होती. दुधात पाणी किंवा मिरचीपुडीत रंग शोधण्यास ती उपयोगी पडे. पण ज्या भटारखान्यात कच्च्या मांसाचा सुरा तसाच कोशिंबिरीवर चालतो, तेथील दोष नमुन्यात सापडेलच असे नाही, आणि सापडेपर्यंत पंगत उठून गेलेली असते. 5 ऑगस्ट 2011 पासून 2006 चा अधिनियम अमलात येऊन जुना कायदा रद्द झाला, तेव्हा कायद्याची नजर पदार्थाबरोबरच तो जेथे शिजतो त्या जागेकडे व शिजविणाऱ्या हातांकडे वळली. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातील गेल्या शतकभरातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल हेच होय.

नव्या व्यवस्थेत धंद्याच्या आकारमानाप्रमाणे तीन पायऱ्या आहेत. 2011 च्या विनियमांनी ठरविल्याप्रमाणे वार्षिक उलाढाल 12 लाख रुपयांपर्यंत असल्यास केवळ नोंदणी पुरे आणि तिची फी वर्षाला 100 रुपये असे. वडापावची गाडी, फेरीवाला, घरगुती डबेवाली बाई, तात्पुरता मांडव टाकणारा हे सर्व याच वर्गात येतात. त्यापुढे 20 कोटींपर्यंत राज्याचा परवाना आणि त्याहून मोठ्या व्यवहारास केंद्रीय परवाना लागे. परवान्याच्या अर्जासोबत जागेचा मोजमापांसह नकाशा, जागेच्या ताब्याचा पुरावा, यंत्रसामग्रीची यादी, प्रयोगशाळेचा पाणी-तपासणी अहवाल, अन्न सुरक्षेची योजना आणि जबाबदेही स्वीकारणाऱ्या इसमाचे नामनिर्देशनपत्र जोडावे लागते. अर्ज हल्ली संगणकावरूनच दाखल होतात. त्यानंतर अन्न सुरक्षा अधिकारी जागेची पाहणी करतो व त्याच्या अहवालावरून पदनिर्देशित अधिकारी निर्णय देतो. दोन महिन्यांत परवाना मिळाला नाही आणि अर्ज फेटाळलाही गेला नाही, तर अर्जदारास धंदा सुरू करण्याची मुभा अधिनियमातच आहे. दप्तरदिरंगाईने गांजलेल्या माणसास ही तरतूद ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण ती ठाऊक नसल्यामुळेच दलालाचे फावते.

पाहणीचा कस विनियमांच्या चौथ्या परिशिष्टात आहे. जाणता अधिकारी प्रथम भोजनकक्षातील संगमरवराकडे न पाहता मोरीपाशी जातो. हात धुण्याचे पात्र भांड्यांच्या मोरीहून वेगळे आहे काय, तेथे साबण आहे काय, की केवळ पाहुण्यापुरता ठेवला आहे, हे त्यास ओल्या-सुक्या वडीवरून कळते. मग तो शीतकपाट उघडतो. कच्चे मांस वरच्या फळीवर आणि शिजलेली भाजी तिच्याखाली उघडी ठेवलेली असेल, तर ठिबकणारा एक थेंबही पुरे आहे. गरम वाढावयाचे अन्न किमान 60 अंश सेल्सिअसवर आणि थंड वाढावयाचे 5 अंशांखाली राखावे असा दंडक आहे, कारण या दोहोंमधील ऊब जंतूंना मानवते. सकाळी शिजविलेला भात दुपारपर्यंत पातेल्यात तसाच ठेवण्याची आपल्याकडील सवय या दृष्टीने फार घातक होय. कढईतील तेलाचीही मर्यादा ठरलेली आहे: पुनःपुन्हा तापविल्याने त्यात उत्पन्न होणारी ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांहून अधिक झाली की ते तेल खाण्यास वर्ज्य ठरते, आणि हा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. गच्चीवरील टाकीचे झाकण, ती शेवटची केव्हा धुतली याची नोंद, खिडक्यांच्या जाळ्या, कचऱ्याच्या डब्यावरील झाकण हेही पाहिले जाते.

अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाचा वैद्यकीय दाखला दरवर्षी घ्यावा लागतो. त्यात डोळे व त्वचा यांची तपासणी आणि विषमज्वरादी आंत्ररोगांविरुद्धची लस यांचा अंतर्भाव असतो. या नियमामागील कारण न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन हिच्या वृत्तान्तावरून स्पष्ट होते. ही आयरिश स्वयंपाकीण स्वतः धडधाकट होती, परंतु तिच्या शरीरात विषमज्वराचे जंतू वसत असल्यामुळे ती जेथे जेथे चाकरीस राहिली तेथे तेथे माणसे आजारी पडली. 1907 मध्ये तिला अलग ठेवण्यात आले व 1910 मध्ये स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडले. 1915 मध्ये ती पुन्हा एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात आढळली. रोग्याच्या चेहऱ्यावरून रोग ओळखता येत नाही, म्हणून दाखला. हा दाखला माणूस न तपासता गठ्ठ्याने विकत मिळतो, तेव्हा त्यात होणारा अपराध कागदाचा नसून जीविताचा असतो, हे मालकाने ध्यानी घ्यावे.

नोंदणीच्या वर्गाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे. विनियमांप्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याने सात दिवसांत नोंदणी द्यावी, नाकारावी किंवा पाहणीची नोटीस काढावी. म्हणजे पाहणीवाचूनही नोंदणी मिळू शकते. गिरणगावातील खाणावळी चालविणाऱ्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या कामगारांस जेवू घातले, आणि 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना संघटित केले. अशा स्त्रीला ब्लूप्रिंट व प्रयोगशाळेच्या अहवालांच्या फेऱ्यात न अडकविता 100 रुपयांत कायद्याच्या छत्राखाली घेणे हे न्याय्यच आहे. परंतु शहरातील कष्टकऱ्यांचे बहुतेक जेवण याच वर्गातून येते, आणि पाण्याचा नळ नसलेल्या गाडीवर एकाच बादलीत दिवसभर बशा विसळल्या जातात तेही याच वर्गात. येथे दंडाची भीती निरुपयोगी आहे. पालिकेने गाडीपाशी नळ दिला आणि अधिकाऱ्याने वर्षातून एकदा शिकविण्यासाठी तेथे पाऊल टाकले, तर जे साधेल ते सहस्र नोटिसांनी साधणार नाही.

2011 च्या विनियमांप्रमाणे नोंदणी वा परवाना एक ते पाच वर्षांसाठी घेता येई. त्याचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागी लावावा लागतो आणि 1 जानेवारी 2022 पासून तो गिऱ्हाइकाच्या पावतीवरही छापणे बंधनकारक आहे. पाहणीत कसूर आढळल्यास प्रथम सुधारणेची नोटीस निघते. मुदतीत सुधारणा न झाल्यास परवाना निलंबित व पुढे रद्द होऊ शकतो, तर धोका तातडीचा असल्यास धंदा तत्काळ बंद करण्याचा हुकूम देता येतो. जागा बदलल्यास जुना परवाना तेथे चालत नाही. परवानाधारक मृत्यू पावल्यास मात्र त्याच्या वारसांना 90 दिवसांपर्यंत त्याच परवान्यावर व्यवहार चालवून त्या अवधीत नाव बदलून घेता येते.